चुडामण पाटलांचं दुसरं डोकं

आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबागेत चुडामण पाटलांइतका न बसणारा माणूस दुसरा नाही. सकाळी दापोऱ्याला मळ्यात, दुपारी केळीच्या लिलावात, संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यापाशी उभे. "बसा" म्हटलं की "बसलोच समजा" म्हणायचं आणि चहा उभ्यानंच संपवायचा. त्यामुळे त्या दिवशी सकाळी समोरच्या ओसरीत ते प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसलेले दिसले, तेव्हा मी हातातला पेपर खाली ठेवला.

"काय भाऊ, तब्येत बरी ना?"

नुसते डोळे माझ्याकडे फिरले आणि परत समोर गेले. त्यांच्यापुढे एका उंच पाटावर मातीचा मोठा गोळा होता आणि गोळ्यामागून रश्मीचा आवाज आला, "काका, त्यांना बोलायला लावू नका ना प्लीज. ओठांचं काम चालू आहे."

मी जन्मभर कागद कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. कोणता माल आला, कोणता गेला, कोणता नुसता पडून आहे, हे बघत आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर माल राहिला नाही, माणसं राहिली. तेव्हा समोरच्या ओसरीत नेमकं काय चालू आहे हे समजल्याशिवाय मला चैन पडणं शक्य नव्हतं. मी खुर्ची घेऊन तिकडेच जाऊन बसलो.

रश्मी ही चुडामणभाऊंच्या धाकट्या भावाची, लीलाधरची मुलगी. लीलाधर दापोऱ्यात शेती बघतो. पोरीला शाळेसाठी इथे लालबागेत मोठ्या बाबांकडे, म्हणजे चुडामणभाऊंकडे ठेवली, ती इथलीच झाली. बारावीनंतर तिला विद्यापीठाच्या ललित कला विभागात जायचं होतं. अख्ख्या भावकीत एकानंही हो म्हटलं नाही. डी.एड. कर, नर्सिंग कर, काहीच नाही तर लग्न कर. चुडामणभाऊंनी तिला गपचूप प्रवेश परीक्षेला नेलं आणि परत येऊन भावकीला अहवाल दिला, "तिथं एकीकडे पोरी गाऊन राह्यल्या, एकीकडे पोरं बिनाकारण रडून राह्यले, आन एकीकडे मातीत हात. मले मातीवालं पटलं." विषय संपला. पोरगी शिल्पकलेला गेली.

आता तिचं शेवटचं वर्ष. त्यांच्यात असं असतं, की शेवटच्या परीक्षेला एका जिवंत माणसाला समोर बसवून त्याचं डोकं मातीत करायचं, मग त्याचा साचा काढून प्लास्टरमध्ये ओतायचं. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार. डोकं असेल तर पास, नसेल तर वर्ष गेलं. बाकीची पोरं विभागातच कोणाला तरी बसवून करत होती. रश्मीला मोठे बाबाच हवे होते आणि मोठे बाबा केळीची कटाई सोडून विद्यापीठात जाऊन बसणं शक्य नव्हतं. तेव्हा तिच्या अलका मॅडमनी घरी करायची परवानगी दिली. अट एवढीच, की रोज मोबाईलवर फोटो पाठवायचे आणि शुक्रवारी सकाळी प्लास्टर टेबलावर पाहिजे.

"मोठे बाबाच का गं?" मी तिला विचारलं. चुडामणभाऊ तेवढ्यात मोकळे होऊन अंगणात पाय झटकत होते.

"त्यांचं कपाळ बघा ना काका. काय प्लेन्स आहेत, एकेक पातळी वेगळी दिसते!" मग मातीचा हात पुसत, जरा खालच्या आवाजात, "आणि प्रवेश परीक्षेला आम्ही गेलो होतो तेव्हा ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या कंपाउंडमध्ये उभे होते. एकदा पण बाहेर गेले नाहीत. म्हटलं, आपण त्यांना एकदा तरी बसवू."

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

काम मजेचं होतं. रश्मी दोन टोकांचा चिमटा घेऊन भाऊंचा कान मोजायची आणि मग मातीचा कान मोजायची.

"कान मोजून काय करशीन?" चुडामणभाऊ म्हणायचे. "ऐकत तं म्या कोणाचं नाही."

"नाक जरा कमी कर गं," आमची छाया, म्हणजे माझी बायको, गेटातूनच सांगायची.

"वहिनी, नाकाले हात लावू नका. लिलावात लोक नाक पाहूनच बोली लावत्यात."

संध्याकाळी माती वाळू नये म्हणून भाऊंचंच जुनं धोतर ओलं करून त्या डोक्याला गुंडाळायचं. वरून प्लास्टिक. सकाळी सोडायचं. रोज थोडं थोडं भाऊंसारखं होत गेलं. आधी कपाळ आलं, मग गालाची हाडं. तोंड मात्र येईना. अलका मॅडम फोनवर रोज एकच सांगायच्या, "तोंड बंद आहे, रश्मी. मिटलेलं वेगळं आणि बंद वेगळं."

हे सगळं चालू होतं ते भागाबाई घरी नसताना. भागाबाई म्हणजे चुडामणभाऊंच्या पत्नी. त्या मुलीच्या बाळंतपणाला रावेरला गेल्या होत्या. लिलावात भाऊंचा आवाज सगळ्यात वरचा असतो, घरात भागाबाईंचा. घरी परत आल्या रविवारी दुपारी. ऑटोतून उतरल्या, ओसरीत पाय ठेवला, तर समोर पांढऱ्या ओल्या कपड्यात गुंडाळलेलं नवऱ्याचं मुंडकं. कपड्याखालून नाक ओळखू येत होतं. त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. तेवढ्यात आतून भाऊ भाकरीचा घास चावत बाहेर आले. मग मात्र आवाज फुटला.

"माय वं! जित्या माणसाचा पुतळा करत्यात का कुठी? चौकात जाऊन पाहा. एक तरी पुतळा जित्या माणसाचा हाये का?"

मी मनातल्या मनात बऱ्हाणपुरातले सगळे पुतळे फिरून आलो. बाई बरोबर बोलत होत्या.

रश्मीनं पायाशी बसून, गळ्यात पडून, पुतण्यांना जे जे करता येतं ते सगळं केलं. शेवटी एवढं ठरलं, की शुक्रवारी हे घराबाहेर जाईल आणि पुन्हा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तोवर भागाबाई ओसरीतून जाताना पदर डोळ्यापुढे धरायच्या.

सोमवारी सकाळी भागाबाई आणि आमची छाया अंगणात खाटेवर बिबड्या वाळत घालत होत्या. ज्वारीचे पापडच ते, कावळे येणारच. रश्मीनं डोक्यावरचं धोतर सोडलं आणि ती पाणी आणायला आत गेली. एक कावळा कडुनिंबावरून खाली आला, खाटेवर दोन बाया बघून बेत बदलला, ओसरीत शिरला आणि थेट मातीच्या डोक्यावर जाऊन बसला. बसला तो बसला, कपाळावर चोचही मारली. मग उडून गेला.

"शिवला!" भागाबाईंच्या हातातली बिबडी खाली पडली. "कावळा शिवला यांच्या डोक्याले! मरण सांगून गेला!"

रश्मी धावत आली. "मोठी माय, मातीला शिवला. त्यांना नाही."

"सकाळी तं म्हणत होती, हुबेहूब झालं. छायाबाईले विचार."

"म्हणाली होती," छाया म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही आणि खरं कधी बोलू नये हेही.

"मग? हुबेहूब झालं असन तं कावळ्यालेबी तसंच वाटलं. त्याले काय सांगशीन, बाप्पा हा नव्हे, तो?"

हे डोकं मोठ्या बाबांसारखं झालेलं नाही, एवढं एक वाक्य रश्मी बोलली असती तर सुटली असती. पण तेवढं तिच्यानं बोलवेना. माल असा दोन्हीकडून अडकलेला मी स्टोअरच्या सगळ्या नोकरीत बघितला नव्हता.

"आजच्या आज तापीमाईत सोडायचं," भागाबाई म्हणाल्या.

"अवं, मले काय होते?" चुडामणभाऊ मध्ये पडले.

"तुम्ही चूप बसा. बसायची सवय लागलीच हाये तुम्हाले आता."

"मोठी माय, शुक्रवारपर्यंत दुसरं होणार नाही," रश्मी म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटलं. "माझं वर्ष जाईल."

"वर्ष गेलं तं दुसरं येते, बाई. माणूस?" भागाबाईंचा आवाजही काही दगडाचा नव्हता. भीती खरी होती. माणूस घरातला होता.

तेव्हा आमची छाया म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे कावळा शिवला तर जवळच्या माणसाला खोटा सांगावा धाडतात. माणूस गेला म्हणून. तो रडला की दोष उतरतो. मग खरं सांगून टाकायचं."

"आमच्यातबी हाये," भागाबाई विचारात पडल्या. "पण रडणारा सोयरा पाह्यजे. आन खरा रडला पाह्यजे."

रश्मीचा चेहरा उजळला. "मोहितला बोलवू? आमच्या नाटकवाल्यांमधला आहे. दोन मिनटं द्या, असे आँसू काढतो की बस!"

"पगारी रडणं चालत नाही," भागाबाईंनी निकाल दिला.

मग हिशोब माझ्याकडे आला. चुडामण पाटील गेले तर खरं कोण रडेल? मी एकेक नाव काढलं. मुलगा उमेश पुण्याला. त्याला असलं काही सांगायचं नाही, तो विमानानं येईल आणि पोहोचेपर्यंत त्याचंच काही व्हायचं. मुलगी बाळंतीण. लीलाधर सकाळीच मळ्यात भाऊंशी भांडून गेलेला, त्याचा विश्वास बसणार नाही. लिलावातले व्यापारी रडतील, पण ते भाऊ जिवंत असतानाही रडतात. सगळी नावं खोडून झाल्यावर एकच उरलं, आणि ते घ्यायची कोणाची छाती होईना.

"भिकन," शेवटी भागाबाईच म्हणाल्या.

भिकन म्हणजे भागाबाईंचा धाकटा भाऊ, फोपनारचा. उमेशच्या लग्नात हा नवरदेवाचा सख्खा मामा. टोपी-उपरण्याचा पहिला मान त्याचा. पण मांडवात गर्दी झाली आणि चुडामणभाऊंनी आधी एका खताच्या दुकानदाराला टोपी घातली, मग भिकनला. भिकननं टोपी घेतली, जेवला, हात धुतले आणि गेला. तेव्हापासून या घरात पाय ठेवला नव्हता. बहीण माहेरी जायची, राखी बांधून यायची. दाजींचं नाव दोघंही काढत नसत.

"तो नाही रडणार," चुडामणभाऊ जरा जास्तच घाईनं म्हणाले.

"नाही रडला तं?" रश्मीनं विचारलं.

"तं तापी," भागाबाई म्हणाल्या.

म्हणजे पोरीचं वर्ष आता भिकनच्या डोळ्यांवर आलं. फोन कोणी करायचा यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुमचं तोंड सरळ हाये," भागाबाई म्हणाल्या. "तुम्ही बोलले का लोक पुन्हा विचारत नाही." माणसानं जन्मभर खरेपणा साठवावा आणि तो असा एका फोनमध्ये खर्च व्हावा!

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे कटाईचा गलका, कोणीतरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं.

"भिकनभाऊ, लालबागेतून सदाशिव बोलतो. चुडामणभाऊ गेले."

गलका चालूच होता. मग, "कधी?"

"आत्ताच. सकाळी."

"बरं."

फोन बंद.

आम्ही त्या मोबाईलकडे बघत राहिलो. चुडामणभाऊ उठले, ओसरीच्या टोकाला गेले, परत आले.

"बरं म्हणे! पाह्यलं? माणूस मेला, आन हा म्हणते बरं!"

मी परत फोन लावला. खरं काय ते सांगायला हवं होतं. वाजून वाजून थांबला. भागाबाईंनी पदर खोचला आणि रश्मीला म्हणाल्या, "पोतं आण."

रश्मी हलली नाही. छायाच पुढे झाली. "वहिनी, त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. खरं सांगत नाही तोवर सांगावा संपत नाही. थांबा."

हा नियम तिनं तिथल्या तिथे बनवला असा मला दाट संशय आहे. पण भागाबाई थांबल्या.

ऊन वर आलं तशी गल्लीत पिकअप थांबल्याचा आवाज आला. मी डोकावलो. भिकन. सदरा केळीच्या चिकानं काळा झालेला, कमरेला घड कापायचा विळा तसाच. भर कटाईतून उठून आला होता. काखेत एक गाठोडं. विधवा झालेल्या बहिणीला भावानं साडी न्यायची असते, ती वाटेत घेऊन आला होता. ते गाठोडं बघून मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

घरात पळापळ झाली. चुडामणभाऊंना आतल्या खोलीत ढकललं. भागाबाई कपाळभर कुंकू घेऊन भावासमोर कशा जाणार? त्याही दाराआड. रश्मीनं घाईनं धोतर गुंडाळलं. बाहेर उरलो आम्ही तिघं.

भिकन ओसरीत आला. डोळे कोरडे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ना माणसं, ना तिरडी.

"नेलं?" त्यानं मला विचारलं.

मी नुसते हात जोडले. त्यानं ते होच धरलं.

"नेलं! माझ्यासाठी थांबले पण नाही?"

आणि त्याला पाटावरचं ते ओलं पांढरं दिसलं. पोरगी मूर्तीचं कॉलेज शिकते हे त्याला बहिणीकडून माहीत असणारच. तो पुढे गेला आणि त्यानं एका हातानं धोतर ओढलं.

चुडामण पाटील त्याच्याकडे बघत होते.

भिकन भांडायलाच लागला.

"दाजी! लग्नात मागे ठेवलं ते ठेवलं. मरतानीबी मागेच ठेवलं मले? सोयऱ्याले तोंड दाखवायची पद्धत नाही तुमच्यात? पहिले खतवाला, मग भिकन! आज कोण होता पुढे? आजबी खतवालाच होता का?" आवाज चढत गेला. "दर पोळ्याले वाटलं, येतीन. दर दिवाळीले वाटलं. फोपनार काय परमुलखात हाये? उभ्या उभ्या आले असते, चाल भिकन म्हटलं असतं, म्या आलो असतो ना! मले कुठी टोपी पाह्यजे होती? बापाच्या दुखण्यात तुम्ही..."

इथे त्याचा आवाज गेला. त्यानं दोन्ही हातांनी ते मातीचे गाल धरले आणि कपाळ कपाळाला लावून तो रडायला लागला. मोठ्यानं. गल्लीतली कुत्री उठली.

मी रश्मीकडे बघितलं. तिनं स्वतःचा हात दातात धरला होता. माती ओली. भिकनचे अंगठे गालात रुतत चालले होते. उजवा कान वाकला. त्याला थांबवावं तर रडणं थांबणार आणि डोकं तापीत जाणार. न थांबवावं तर डोकं इथेच मोडणार. ज्या हातांनी तिचं वर्ष वाचत होतं त्याच हातांनी बुडत होतं. पोरगी गप्प उभी राहिली. विद्यापीठात काय काय शिकवतात मला ठाऊक नाही, पण ते गप्प राहणं मी तरी पैकीच्या पैकी गुणांचं धरतो.

शेवटी दार उघडलं.

"भिकन, हळू रे," चुडामणभाऊ म्हणाले. त्यांचाही आवाज धड नव्हता. "गाल गेले ना माझे."

भिकननं मान वळवली. एकदा जिवंत तोंडाकडे बघितलं, एकदा हातातल्या. मग गाठोडं उचललं आणि भाऊंच्या पाठीत घातलं. एकदा घातलं, परत घातलं. साडी बाहेर आली. "जिते हाये तुम्ही? जिते?"

"सध्या तरी."

"आन तुम्ही, स्टोअरवाले?" तो माझ्याकडे वळला. "तुम्हीबी यांच्यात?"

भागाबाई धावत आल्या, भावाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "रडला का रे, खरा?"

"डोळ्यात चीक गेला," भिकन म्हणाला.

"रडला," छायानं साक्ष दिली. "गल्लीनं ऐकलं."

दोष उतरला. भागाबाईंनी मीठ-मोहरी आणून ओवाळली, दोन्ही डोक्यांवरून. आणि तीच साडी उचलून, झटकून, घडी करून आत ठेवली. रंग चांगला होता. माहेरचं आलेलं परत करायचं नसतं.

आता पाटावर बघितलं तर काय, दोन्ही गालात खळगे, कान लोंबतोय, तोंड एका बाजूला सरकलेलं. मला वाटलं, पोरगी आता रडेल. ती पाणी घेऊन आली, हात ओले केले आणि म्हणाली, "मोठे बाबा, बसा. उद्या साचा काढायचा आहे. आज हलायचं नाही, बोलायचं पण नाही. आधी तोंड घेते."

भाऊ खुर्चीत बसले. भिकन समोर खाटेवर, बिबड्या बाजूला सारून. छायानं चहा दिला. भिकन चहा प्यायला, मिशा पुसल्या आणि त्याच्या हळूहळू लक्षात आलं, की दाजींना उत्तर देता येणार नाही.

असं भाग्य सोयऱ्याच्या वाट्याला जन्मात एकदा येतं. त्यानं लग्नापासून सुरुवात केली. मांडव कसा होता, तो कुठे उभा होता, खतवाल्याची टोपी केवढी आणि त्याची केवढी. भाऊंचे ओठ हलायचे.

"मोठे बाबा, ओठ!"

मिटायचे. भिकन पुढे. मग ठिबकच्या नळ्यांचा वाद, मग कोणत्या तरी बैलजोडीचं प्रकरण, त्यात तर भाऊंची काही चूकच नव्हती, मला माहीत आहे, त्यांचे डोळे गरगर फिरत होते. पण हलता येत नव्हतं. भागाबाई दाराला टेकून ऐकत होत्या आणि मधूनमधून "आन ते राह्यलं ना रे" म्हणून आठवण करून देत होत्या.

दुपार कलली तशा तक्रारी संपत आल्या. मग भिकन कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "बापाच्या दुखण्यात तुम्ही दवाखान्यात उभे राह्यले. आम्ही भाऊ पाळीपाळीनं घरी जाऊन झोपलो. तुम्ही नाही गेले. बाप शेवटी तुमच्या हातचं पाणी प्याला. ते मले तवाच बोलायचं होतं. मग लग्न आलं, टोपी झाली, ते राहून गेलं."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी चुडामणभाऊ म्हणाले असते, "चाल, त्यात काय," आणि उठून अंगणात गेले असते. माणसाचे आभार आले की ते दारातूनच परत पाठवायचे, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी उठायची सोय नव्हती. ते आलेलं सगळं त्यांना बसून घ्यावं लागलं. डोळे भरले, तेही पुसता येईनात. रश्मीचा अंगठा मातीच्या ओठाच्या कोपऱ्यावरून सावकाश फिरत होता. एकदाच फिरवला, हात काढला आणि मग त्या जागेला तिनं परत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी साचा निघाला. साचा निघताना आतली माती मोडूनच काढावी लागते. ती सगळी माती भागाबाईंनी पोत्यात भरून तापीत सोडलीच, कोणाचा हिशोब बाकी नको म्हणून. प्लास्टरचं डोकं केळीच्या वाळक्या पानांत बांधून भिकनच्या पिकअपमधून गेलं. गाडी त्यानं स्वतः चालवली. लोकांची केळी नेताना चालवतो त्याच्या निम्म्या वेगानं, असं रश्मी सांगत होती.

शुक्रवारी परीक्षक त्या डोक्यासमोर थांबले. मग एकानं विचारलं, "ये क्या सुन रहे हैं?"

"शिव्या, सर," रश्मी म्हणाली.

पास झाली. पहिला वर्ग. पहिला नंबर दुसऱ्याच कोणा पोराचा आला, त्यानं म्हातारीचे हात केले होते म्हणे, आणि रश्मीच म्हणते की ते जास्त चांगले होते. भागाबाईंच्या अटीप्रमाणे डोकं घरी आलं नाही. अलका मॅडमनी विभागाच्या व्हरांड्यात ठेवून घेतलं.

वार्षिक प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. वर कोणीतरी तानपुरा लावत होतं, जिन्यात दोन पोरं एकमेकांवर ओरडत होती. मी सोडवायला निघालो तर रश्मीनं हात धरला, ती तालीम होती. चुडामणभाऊ आपल्या डोक्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. पोरापोरींनी ओळखलं, भोवती जमली, फोटो काढले. एका पोरीनं त्यांच्या पायाला हात लावला. ते "अरे, अरे" करत मागे सरकले, पण दारातून परत पाठवलं नाही.

भिकन त्या प्लास्टरच्या कानाला बोट लावून बघत होता. "रश्मी, पुढच्या साली माझं कर," तो म्हणाला. "माझं कपाळ काय वाईट हाये?"

"आन तुह्यावर कावळा बसला तं?" भागाबाई म्हणाल्या. "खोटा सांगावा कोणाले धाडायचा? रडणारा कोण हाये तुले?"

भिकन विचारात पडला. खरंच पडला. बायको नाजूक, पोरं लहान, भावांचं आणि त्याचं बांधावरून चालू आहे. मीही मनात एकेक नाव घेऊन खोडत होतो.

चुडामणभाऊंनी मान वळवली नाही. ते अजून स्वतःच्याच तोंडाकडे बघत होते.

"मले धाडा," ते म्हणाले. "कटाई चालू असली तरी धाडा."